‘खाली बस!’ : सभा, व्यत्यय आणि गावकुसाबाहेरचा आवाज

सभेत कोण बोलले याचा इतिहास आपल्याकडे भरपूर लिहिला गेला आहे. बोलणाऱ्याला मध्येच अडवण्याचा हक्क कोणाला होता आणि कोणाला नव्हता, याचा इतिहास मात्र कोणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही. शहापूर-मुरबाडच्या गावांतल्या सभा पाहत आलेल्या माझ्यासारख्याला हा प्रश्न टाळता येत नाही. कारण या मुलखात माणसाची जात त्याच्या आडनावाआधी, सभेत तो कुठे बसतो आणि कोण त्याला ‘खाली बस’ म्हणतो, यावरून कळते.

वतनाच्या काळातली चावडी आठवावी. दवंडी पिटायची ती महाराने. सांगावा घेऊन घरोघर जायचे ते महाराने. सभा भरायची ती त्याच्या आवाजावर, आणि भरल्यावर तो पायरीखाली. गावाने त्याचा गळा वापरला, त्याचे मत वापरले नाही. दुसऱ्याचा निरोप खड्या आवाजात सांगणारा माणूस स्वतःचा एक शब्द काढू लागला की तो शब्द उद्दाम ठरत असे. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने गेली; पायरी एवढ्याने हलली नाही.

आता प्रस्थापितांच्या सभांकडे पाहू. १८९५ साली पुण्यात काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्याच मंडपात सामाजिक परिषद भरवण्याचा रिवाज होता. विरोधकांनी मंडप जाळण्याची धमकी दिली आणि न्यायमूर्ती रानड्यांना परिषद दुसरीकडे न्यावी लागली. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेला तर सुरेंद्रनाथ बॅनर्जींना गोंगाटात बोलता येईना, टिळक व्यासपीठावर उभे राहताच त्यांना बोलू देईनात, आणि शेवटी एक दक्षिणी जोडा भिरभिरत आला तो सुरेंद्रनाथांना आणि फिरोजशहा मेहतांना लागला. खुर्च्या मोडल्या, काठ्या चालल्या. इतिहासाने याला जहाल-मवाळांचा मतभेद असे सभ्य नाव दिले. जोडा फेकणाऱ्याच्या जातीवर कोणी बहिष्कार घातला नाही, त्याच्या गावातल्या विहिरी कोणी बंद केल्या नाहीत.

याच्याशेजारी महाड ठेवावे. चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले, पाणी प्याले, परतले. मग अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. जमाव मंडपात घुसला. परिषदेचे काम आटोपून लोक जेवत होते, त्यांना काठ्यांनी मारले, अन्न मातीत मिसळले. भाषणाला उत्तर भाषणाने द्यावे एवढीही गरज कोणाला वाटली नाही. अस्पृश्यांनी सभा घेतली हाच सवर्णांच्या लेखी व्यत्यय होता, आणि काठी हा त्यांचा मुद्दा होता. तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयात सिद्ध व्हायला १९३७ साल उजाडले.

आवाज बंद करण्याची दुसरी रीत आमच्याच ठाणे जिल्ह्याने पाहिली. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथून मूठभर वारली वेठ मोडण्याचा विचार घेऊन आपल्या पाड्यांवर परतले आणि उठाव पेटला. सभेला सभेने उत्तर देणे जमीनदारांना जमण्यासारखे नव्हते. त्यांनी सभेची खोटी हाकच उठवली. गोदावरी परुळेकरांच्या जिवाला धोका आहे, असे सांगून हजारो वारल्यांना तलवाड्याला जमवले. पोलिसांना कळवले की दंगल होणार. १० ऑक्टोबर १९४५ रोजी गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्याचे चार साथी मेले. बाई तिथे नव्हत्याच. तलवाडा आज पालघर जिल्ह्यात गेला. तो धडा गेलेला नाही.

तिसरी रीत नियमांच्या पुस्तकातली. हिंदू कोड बिलाचे संसदेत जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. लांबलचक भाषणांनी वेळ खाऊन ते बिल मारले गेले. बाबासाहेबांनी राजीनामा दिला. १० ऑक्टोबर १९५१ रोजी निवेदन करायला ते सभागृहात आले, तेव्हा उपसभापतींनी त्याची प्रत आधी मागितली. बाबासाहेब सभागृहातून निघून गेले आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांना दिले. ज्याने घटना लिहिली त्यालाही ‘आधी दाखव, मग बोल’ सांगितले गेले. तारीख तीच, तलवाड्याची. वर्षे सहा लोटलेली.

चौथी रीत वरळीची. ५ जानेवारी १९७४ रोजी बीडीडी चाळींजवळ पँथरची सभा चालू होती. पोटनिवडणुकीवर बहिष्काराची हाक होती. राजा ढाले बोलत असताना दगड आले, पाठोपाठ पोलिसांच्या लाठ्या, आणि दंगल दिवसेंदिवस चालली. १० जानेवारीला परळच्या मोर्चात वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव गेला.

या सगळ्यांतून मला एक गोष्ट दिसते. खालून वर जाणारा व्यत्यय हा बहुधा प्रश्न असतो; वरून खाली येणारा व्यत्यय दगड असतो. आपल्या तमाशाला हे कळत होते. सोंगाड्या राजाला मध्येच तोडतो, हसवता हसवता उघडे पाडतो. आंबेडकरी जलशांनी तीच बतावणी घेतली आणि तिच्या तोंडी शहाणपणाचे सवाल घातले. सवाल विचारणे ही आपली परंपरा आहे. दुसऱ्याची सभा उधळणे ही त्यांची.

म्हणूनच आजच्या ग्रामसभेबद्दल बोलायला हवे. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्याने इथल्या ग्रामसभेला जमीन, पाणी, वनउपज यांवर अधिकार दिले. तानसा, वैतरणा, भातसा यांचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात पाड्यावर टँकरची वाट पाहावी लागते, हा प्रश्न विचारायची जागा हीच. पण काही ग्रामसभा ठरतात २६ जानेवारी आणि १ मे या दिवशी. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेला कातकरी त्या दिवसांत गावात नसतो. त्याला गप्प करण्यासाठी दगड लागत नाही, कॅलेंडर पुरते.

आणि आपले काय? जयंतीच्या मंचावर आता आपण आहोत. गट फुटले, तेव्हा एकमेकांच्या सभा आपणही उधळल्या. वस्तीतली बाई उठून निधीचा हिशेब विचारते किंवा शेजारच्या पाड्यावरचा कातकरी ‘आमचं काय?’ म्हणतो, तेव्हा मंचावरून येणारे ‘खाली बस’ हे शब्द मी ऐकले आहेत. ते चावडीचे शब्द आहेत. चावडी दगडमातीची नव्हती, ती एक सवय होती. माणसे बदलली तरी ती सवय मंचावर चढून बसते.

आपल्या सभेत एक नियम असावा असे मला वाटते. वक्त्याइतकाच वेळ प्रश्नाला द्यावा, आणि पहिला प्रश्न सर्वांत मागे बसलेल्याचा घ्यावा. पायरीखाली उभ्या असलेल्या माणसाचे आपण वंशज आहोत. आपल्या सभेला पायरी नसावी.