परक्या किल्ल्यातलं बाळंतपण

आमच्या धारच्या घराच्या गच्चीवरून किल्ल्याची तांबडी भिंत दिसायची. उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणं पडली, की आजी त्या भिंतीकडे हात करून म्हणायची, "तिथे, खरबुजा महालात, ती बाळंत झाली." ती कोण, हे बरीच वर्षं मला ठाऊक नव्हतं. आजी तिचं नाव क्वचित घ्यायची. "धारची बाळंतीण" एवढंच म्हणायची, आणि असं म्हणायची की वाटावं, आपल्याच नात्यातली कोणी असेल, माहेर तुटलेली.

मी सातवीत असताना सुट्टीत पुण्याला मावशीकडे गेले. शनिवारवाड्यात मावसभावाने मला 'ध चा मा' सांगितलं. आनंदीबाईने कागदावरचं 'धरावे' खोडून 'मारावे' केलं आणि नारायणराव पेशव्यांचा खून झाला. तारीख 30 ऑगस्ट 1773. घरी परतल्यावर मी मोठ्या ऐटीत ही गोष्ट आजीला ऐकवली. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "तीच. तीच आपली धारची बाळंतीण."

मला ते पटेना. पुण्यातली ती बाई आणि आजीच्या गोष्टीतली ही एकच कशी असेल? मग आजीने जे सांगितलं, ते मी पुढे पुस्तकांतून ताडून पाहत राहिले. सनावळ्या मी जोडल्या आहेत. गोष्ट तिची आहे.

नारायणरावांच्या खुनानंतर त्यांचे काका, आनंदीबाईंचे पती राघोबादादा पेशवे झाले, पण नाना फडणीस, सखारामबापू वगैरे बारभाई त्यांच्यावर उलटले. नारायणरावांची बायको गंगाबाई गरोदर होती. बारभाईंनी तिला पुरंदरावर नेलं. सोबत पानिपतात नवरा गमावलेल्या पार्वतीबाई होत्या. 18 एप्रिल 1774 ला पुरंदरावर सवाई माधवरावाचा जन्म झाला आणि राघोबादादांच्या हक्काचा पायाच गेला. त्यांच्यामागे फौजा लागल्या. त्या धावपळीत आनंदीबाई गरोदर राहिल्या. वर्ष सरता सरता राघोबादादा गुजरातेकडे निघाले, आणि अवघडलेल्या बायकोला त्यांनी धारच्या किल्ल्यात ठेवलं. तिथे 10 जानेवारी 1775 ला दुसरा बाजीराव जन्मला. पहिला पुरंदरावरचा, दुसरा धारचा. नऊ महिन्यांच्या आत जन्मलेली दोन पोरं, दोघंही पुढे पेशवे झाले. दोघांच्याही आया घर सोडून किल्ल्यात आलेल्या होत्या, आणि दोघींना तिथे आणणारं भांडण एकच होतं.

हे दोन जन्म मी शेजारी शेजारी ठेवलेले इतिहासाच्या पुस्तकात पाहिले नाहीत. पुस्तकांत एक न्यायाच्या बाजूची असते, दुसरी कारस्थानी. आजी मात्र दोघींना एका वाक्यात घ्यायची: "तिलाही कळा परक्या जागी आल्या, हिलाही."

राजकारणात आजीला रस नव्हता. तिचे प्रश्न वेगळेच असत. माळव्यातल्या जानेवारीच्या थंडीत त्या दगडी महालात शेगडी कुणी पेटवली? डिंक, अळीव, बाळंतशोपा कुणाच्या कोठीतून आल्या? अंगाला तेल लावायला सुईण कुठली होती, आणि ती बोलायची ती माळवी या गुहागरकडच्या ओकांच्या लेकीला कळत होती का? बारसं झालं का? पाळणा कुणी म्हटला? "नवरा जवळ नाही, सासू नाही, आई नाही. वेशीबाहेर कुणाची फौज येतेय ते ठाऊक नाही. अशा वेळी दूध येतं का गं बाईला?"

फौज आलीच. धारचे खंडेराव पवार उघडपणे राघोबादादांच्या बाजूचे, म्हणून बारभाईंच्या सैन्याने धारवर चाल केली. किल्ला पडला. खंडेरावांना आनंदीबाई आणि तान्हं मूल दोन्ही शत्रूच्या स्वाधीन करावी लागली. त्यांचा मुलूख जप्त झाला, तो पुढे परत मिळाला. हे खंडेराव स्वतः कोण? त्यांचे वडील यशवंतराव पवार 1761 ला पानिपतावर पडले, तेव्हा ते अगदी लहान होते. आजी म्हणायची, बापाविना वाढलेल्या पोराने बाळंतिणीला दार उघडलं, त्यात नवल ते काय. राघोबादादा मार्च 1775 मध्ये सुरतेला इंग्रजांशी तह करत होते, तेव्हा बायको आणि तो पोर वेगळ्याच वाटेला लागले होते.

आनंदीबाई निर्दोष होत्या, असं मला म्हणायचं नाही. आजीही तसं म्हणत नसे. पण अडीचशे वर्षं आपण एका अक्षरासाठी ज्या बाईचा न्याय करत आलो, तिला त्या किल्ल्यात कळा देताना एकदाही पाहिलं नाही, हे मला अजून टोचतं.

किल्ल्याच्या गोष्टी तिथेच संपत नसत. खंडेराव 1780 मध्ये गेले, आणि त्यांचा मुलगा आनंदराव त्यांच्या माघारी जन्मला. तो आजोळी, बडोद्याला गायकवाडांकडे वाढला. 1807 मध्ये आनंदरावही गेले, तेव्हा त्यांची राणी मीनाबाई गरोदर होती. ती मांडूला गेली, आणि ज्या महालांचं वैभव केव्हाच ओसरलं होतं तिथे तिने रामचंद्ररावाला जन्म दिला. आजी सांगायची, मग तिला गादीच्या लोभ्यांनी गोड बोलून धारला बोलावलं, शहरातल्या एका घरात उतरवलं, आणि रात्री घराभोवती जळण रचलं. ती पोर उराशी धरून अंधारात किल्ल्यात पळाली. तो मुलगाही जगला नाही. बहिणीचा मुलगा दत्तक घेऊन तिने पवारांची गादी टिकवली. 10 जानेवारी 1819 ला धारने इंग्रजांशी तह केला, तेव्हा कारभार तिच्याच हातात होता. आजीला मीनाबाई फार आवडायची. ही गोष्ट सांगताना ती नेहमी उठून बसायची.

राण्यांना निदान किल्ले होते. शिंदे, होळकर, पेंढारी यांच्या धुमश्चक्रीत माळवा उजाड होत होता. त्या दिवसांना माळव्यात 'गर्दी का वख्त' म्हणत. इंग्रज अधिकारी माल्कमनेही ते नाव टिपून ठेवलं आहे. ज्यांना किल्ला नव्हता, त्यांची गोष्ट आजीला बागेत कळली होती.

बाग हे तिचं माहेर, कुक्षीच्या अलीकडचं, बाघिनी नदीकाठचं. तिचे वडील तिथे ग्वाल्हेर सरकारच्या कचेरीत कारकून होते. त्यांच्या घरी येणारी सुईण भिलाळ्यांपैकी होती. ती सांगे, गर्दीच्या वेळी दाणे आणि पोरं घेऊन बाया डोंगर चढल्या. तिच्या आजीची आजी तिथल्या पांडवांच्या लेण्यात, अंधारात जन्मली. नाळ विळ्याने कापली, आणि रडण्याचा आवाज खाली पोचू नये म्हणून आईने पदर पोराच्या तोंडावर धरला. आजी ही गोष्ट एवढ्यावरच सोडायची. ते पोर जगलं हे उघड होतं, पण दरवेळी मला विचारावंसं वाटे.

1976 च्या दिवाळीत आजी मला बागेला घेऊन गेली. पुण्याच्या त्या सुट्टीनंतरची ही गोष्ट. लेण्यांचा दगड ठिसूळ, छतं कोसळलेली. रंगमहाल म्हणतात त्या चौथ्या लेण्याच्या ओसरीचे खांब पडलेले, चित्रांवर ऊनपाऊस झालेला. ही चित्रं पंधराशे वर्षांपूर्वीची. डेंजरफिल्ड नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1818 मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं. त्याच वर्षी दुसरा बाजीराव, तोच धारचा तान्हा, माल्कमला शरण गेला आणि उरलेलं आयुष्य बिठूरला घालवायला निघाला. 1921 मध्ये शांतिनिकेतनचे नंदलाल बोस, असितकुमार हलदार, सुरेंद्रनाथ कर या चित्रांच्या नकला करायला आले. त्या बंगाली बाबूंसाठी आमच्या पणजीने डबा पाठवला होता, असं आजी अभिमानाने सांगे.

आजी भिंतीशी गेली. मला रंगाचे ओघळ दिसत होते. तिला कुठे पाहायचं ते लहानपणापासून माहीत होतं. दोन बाया बसलेल्या. एकीने हाताने तोंड झाकलेलं, दुसरी तिच्याकडे वळलेली, समजूत घालणारी.

"ओळखलंस?" आजी म्हणाली. "ही ती. आनंदीबाई."

"अगं आजी, ही चित्रं तिच्या कितीतरी आधीची!"

"असू देत."

पुढे 1982 पासून मूळ चित्रं भिंतीवरून उतरवून जपायला नेली. आजी त्याआधीच गेली. मार्च 2022 मध्ये युक्रेनच्या मारिउपोलमधल्या प्रसूतिगृहावर बाँब पडला. स्ट्रेचरवर, पोटावर हात धरून नेल्या जाणाऱ्या त्या बाईचा फोटो मी पाहिला. ती आणि तिचं बाळ दोघंही गेली, हेही पुढे वाचलं. त्या वर्षीच मी पुन्हा बागेला गेले.

ती चित्रं ठेवलेल्या संग्रहालयात गर्दी नव्हती. तोंड झाकलेल्या बाईपेक्षा यावेळी माझी नजर दुसरीवर खिळली. आजीने तिचं नाव कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नव्हतं. धारच्या किल्ल्यात शेगडी पेटवून आणणारी, अनोळखी बाळंतिणीच्या पाठीला तेल लावणारी कोणी बाई असेलच. तिचा रंग बराच उडाला आहे. हात तेवढा अजून दिसतो, पहिलीच्या दिशेने पुढे केलेला.