ताड नसलेली ताडांची दरी

परवा लेकीचा फोन आला. "बाबा, आम्ही पामडेललाच घर घ्यायचं म्हणतोय. तुमच्यापासून दहा मिनिटांवर." कुठल्याही बापाला आनंद व्हायला हवा. मला झालाही. पण तोंडातून निघालं ते भलतंच, "अगं, पण ऑफिसला जाणार-येणार कशी?" पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, "तू जायचास तशी."

ते "तशी" गेले चार दिवस डोक्यातून जात नाहीये. म्हणून हे लिहायला बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पामडेल म्हणजे लॉस एंजलिसच्या उत्तरेला, सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पलीकडे, मोहावी वाळवंटाच्या कडेला वसलेलं आमचं गाव. शहरापासून रस्त्याने साठेक मैल. समुद्राकडून येणारे ढग डोंगर अडवतो, त्यामुळे पाऊस तिकडे आणि वारा इकडे. (घाट ओलांडून देशावर उतरलं की जे होतं तेच, फक्त कितीतरी पट!) उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या आसपास, हिवाळ्यात पहाटे गाडीच्या काचेवर बर्फ. घरं मात्र ऐसपैस आणि शहराच्या मानाने स्वस्त. आम्ही २००३ साली इथे आलो ते या एकाच कारणासाठी. लेक तेव्हा सहा वर्षांची होती, तिला अंगण हवं होतं.

अंगण मिळालं. त्याबदल्यात मी आठवड्याचे पाच दिवस अंधारात उठून मेट्रोलिंकची गाडी पकडायला लागलो. जवळजवळ दोन तास जायला, दोन तास यायला. आईने डोंबिवलीहून फोनवर विचारलं होतं, "अरे, एवढ्या लांब जाऊन शेवटी लोकलच का?" काय उत्तर देणार? बाबांचा जन्म लोकलमध्ये गेला, माझाही चालला होता.

पण गाडीत वाचायला वेळ भरपूर. लायब्ररीतून एकदा गावाच्या इतिहासाचं पुस्तक आणलं, आणि मग नादच लागला.

इथे पहिली वसाहत झाली १८८६ साली. जर्मन आणि स्विस वंशाची काही कुटुंबं आतल्या राज्यांमधून आली. अशी गोष्ट सांगतात की ताडाची झाडं दिसली की समुद्र जवळ आला असं समजा, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. इथे त्यांना दिसली जोशुआ झाडं. अणकुचीदार पानांची, वेडेवाकडे हात वर केलेली. तो ताड नव्हे, युक्काचा एक प्रकार. पण बिचाऱ्यांनी वसाहतीला नाव दिलं पामेनथाल, म्हणजे ताडांची दरी. त्याचंच पुढे पामडेल झालं. सुरुवातीची वर्षं पावसाने साथ दिली, धान्य पिकलं, फळबागा लागल्या. १८९०च्या दशकात दुष्काळ पडला आणि बहुतेक लोक गाशा गुंडाळून गेले. जे थोडे उरले ते रेल्वे स्टेशनजवळ सरकले. ताड नव्हतेच, पाऊसही गेला. नाव तेवढं राहिलं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. पामडेलच्या पूर्वेला, वाळवंटातल्या रस्त्याच्या कडेला दगडी धुराडी आणि खांब उभे आहेत. हे याआनो देल रिओ. जॉब हॅरिमन नावाचा समाजवादी वकील १९११ साली लॉस एंजलिसच्या महापौरपदाची निवडणूक हरला. निवडणुकीने बदल होत नाही तर आपणच करून दाखवू, म्हणून त्याने १ मे १९१४ रोजी इथे सामुदायिक वसाहत सुरू केली. शेती, शाळा, छापखाना, सगळं एकत्र. काही वर्षांत वस्ती हजाराच्या घरात गेली. आणि मग तेच. पाणी पुरेना, त्याच्या हक्कावरून वाद, आपापसात भांडणं, डोक्यावर कर्ज. १९१७-१८मध्ये उरलेली मंडळी लुइझियानाला निघून गेली.

एका रविवारी लेकीला तिथे घेऊन गेलो. तेव्हा ती आठ वर्षांची. धुराड्यात डोकं घालून तिने विचारलं, "इथली माणसं कुठे गेली?" म्हटलं, "पाणी नव्हतं, म्हणून गेली." ती म्हणाली, "मग आपल्या नळाला कुठून येतं?"

चांगला प्रश्न होता. थोडं जमिनीतून उपसलेलं, थोडं डोंगरातल्या लिटलरॉक धरणाचं (ते १९२४चं), आणि उरलेलं कॅलिफोर्निया कालव्याचं. शेकडो मैल उत्तरेकडून आणलेलं हे पाणी १९७०च्या दशकात इथे पोचलं. हा कालवा गावाच्या दक्षिण कडेने जातो आणि सॅन अँड्रियास ही भूकंपाची मोठी भेगही तिथूनच जाते. हायवेसाठी डोंगर कापलाय तिथे खडकाचे थर चुरगळलेल्या कागदासारखे दिसतात. आमची तुळस त्या कालव्याच्या भरवशावर जगते.

गावाला खरा जीव आला तो विमानांमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर हवाई दलाचा प्लांट ४२ इथे उभा राहिला. स्पेस शटलची जुळणी इथली, बी-२ बॉम्बर इथला. १९६२ साली गाव रीतसर शहर झालं. मग १९८०च्या दशकात शहरातल्या घरांचे भाव गगनाला भिडले आणि लोक डोंगर ओलांडून येऊ लागले. १९८० साली वस्ती बारा हजारांच्या आसपास, १९९० साली जवळजवळ एकोणसत्तर हजार! जोशुआ झाडं उपटली आणि एकसारख्या छपरांच्या रांगा उभ्या राहिल्या. त्यातलंच एक छप्पर आमचं. २०२०च्या जनगणनेत आकडा एक लाख एकोणसत्तर हजारांवर गेला होता.

आणि माझी गाडी? ती भूकंपाची देणगी. १७ जानेवारी १९९४च्या पहाटे नॉर्थरिजचा भूकंप झाला. शहराकडे जाणाऱ्या हायवेच्या जोडावरचे पूल कोसळले आणि हजारो लोक डोंगराच्या अलीकडे अडकले. आठवड्याभरात मेट्रोलिंक इथपर्यंत आणली गेली. तात्पुरती सोय म्हणून आलेली गाडी कायमची झाली. तात्पुरतं म्हणून इथे आलेल्या माझ्यासारख्यांचंही तेच.

कारण आम्हीही पाच वर्षांत घर विकून शहराजवळ जाणार होतो. २००७ साली तसं ठरलंही. पण भाव कोसळले. दोन-तीन वर्षांत घराची किंमत निम्म्याखाली, आणि कर्ज तेवढंच. शेजारचं कुटुंब एका रात्री किल्ल्या आत ठेवून निघून गेलं, त्यांच्या मुलाची सायकल कित्येक महिने अंगणात पडून होती. आम्ही राहिलो. त्यात शौर्य वगैरे काही नाही, आम्हा दोघांच्या नोकऱ्या टिकल्या एवढंच.

हे सगळं वाचून, भोगून एक गोष्ट कळली. वाळवंटाच्या कडेची जागा स्वस्त नसते, तिची किंमत दोन ठिकाणी लिहिलेली असते. एक करारावर. दुसरी जर्मन कुटुंबांसाठी ढगात होती, हॅरिमनच्या लोकांसाठी ओढ्यात. माझी वेळापत्रकात होती. काल कागद घेऊन हिशेब केला. दिवसाला चार तास, वर्षाला साधारण दोनशे चाळीस दिवस, २०१९ला गाडी सुटेपर्यंत सोळा वर्षं. बेरीज होते सहाशे चाळीस दिवस. म्हणजे लेकीच्या लहानपणातून तारुण्यापर्यंतच्या काळातली पावणेदोन वर्षं मी गाडीत होतो. चोवीस तासांची!

हे तिला सांगितलं. मला वाटलं ती गप्प होईल. म्हणाली, "बाबा, मला ठाऊक आहे. गॅरेजचं दार वाजलं की मगच मला झोप लागायची. पण अंगणही आठवतं ना." आता तिला आठवड्यातून तीनच दिवस ऑफिसला जायचंय. शहरात तिच्या पगारात अंगण सोडा, बाल्कनीही येत नाही. तिला नको म्हणायचा मला काय अधिकार? आम्ही तरी दुसरं काय केलं?

म्हणून एवढंच म्हटलं, की घर शनिवारी बघायचंय ना, त्याआधी एकदा पहाटेच्या गाडीने जाऊन संध्याकाळच्या गाडीने परत ये, मग सही कर. करारावरची किंमत एजंट सांगेलच, दुसरी आपली आपण बघायची असते.

ती म्हणाली, "तूही येशील?"

गुरुवारी जातोय दोघं. गजर लावला आहे, पण लागेल असं वाटत नाही. अजूनही त्या वेळेला आपोआप जाग येते.