काचेमागचे चित्रकार

परवा माझी सहा वर्षांची नात ‘टॉम अँड जेरी’ पाहत पोट धरून हसत होती. मी म्हटलं, ‘‘बेटा, हे तुझ्या पणजोबांच्या काळातलं आहे.’’ तिला ते पटेना. ‘‘नाना, हे तर आत्ता लागलंय!’’

श्रोतेहो, नेमका हाच हिशेब हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओने एकदा मांडला होता.

एमजीएमने १९३७ साली स्वतःचा कार्टून विभाग उघडला. तिथे विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने १९४० मध्ये मांजर-उंदराची पहिली झटापट पडद्यावर आणली. थिएटरात मुख्य चित्रपटाआधी असे सात-आठ मिनिटांचे कार्टून दाखवत. सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे सात मिनिटांना दहा हजारांवर. एकच चित्र दोन चौकटींना वापरले तरी पाच हजार चित्रे हाताने काढायची, गिरवायची, रंगवायची! या मालिकेने सात ऑस्कर मिळवले.

पुढे टीव्ही आला, थिएटरची गर्दी ओसरली. हिशेबनिसांच्या लक्षात आले, की जुनी कार्टून पुन्हा लावली तरी जवळपास नव्याइतकीच मिळकत होते. मग नवी काढायचीच कशाला? १९५७ मध्ये विभाग बंद करण्याचा निरोप आला, तोही फोनवरून. (माझ्या कवितासंग्रहाची दुसरी आवृत्ती कधी निघाली नाही, म्हणून हा धोका मला नाही.)

हॅना-बार्बेरा टीव्हीकडे वळले. तिथे पैसा तुटपुंजा, म्हणून चित्रेही कमी. योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर का, ठाऊक आहे? धड तसेच ठेवून नुसते डोके हलवता यावे म्हणून. सांधा कॉलरखाली झाकतो.

डिस्नेकडे तरी असे होणार नाही, असे वाटेल. ती कंपनीच मुळी कार्टूनवर उभी राहिलेली. फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला १९८९ साली डिस्नेचे नवे उद्यान सुरू झाले. तिथे खरेखुरे चित्रकार काचेमागे बसून काम करत आणि पर्यटक त्यांना न्याहाळत पुढे सरकत. प्राणिसंग्रहालयच म्हणा ना! पण याच मंडळींनी १९९८ मध्ये ‘मुलान’ आणि २००२ मध्ये ‘लिलो अँड स्टिच’ घडवला. हवाई बेटावरची एक पोरकी मुलगी, तिला सांभाळताना मेटाकुटीला आलेली थोरली बहीण आणि परग्रहावरून आलेला एक खोडकर जीव. पार्श्वभूमी जलरंगात रंगवलेली. ही पद्धत डिस्नेने कित्येक दशकांपूर्वी सोडून दिली होती, कारण जलरंगात चूक झाकता येत नाही. चित्रपट चांगला चालला.

पण त्याच सुमारास पिक्सारचे संगणकावर केलेले चित्रपट धो धो चालत होते. हाताने काढलेले काही चित्रपट पडले, तेव्हा वरिष्ठांनी दोष पेन्सिलीला दिला. मला तो अन्याय वाटतो, कारण फसलेल्या गोष्टीला संगणकही तारत नाही. जानेवारी २००४ मध्ये ऑर्लँडोचा विभाग बंद झाला. अडीचशेहून अधिक माणसांचे काम गेले.

मे २०२५ मध्ये डिस्नेने ‘लिलो अँड स्टिच’ पुन्हा आणला, या वेळी हाडामांसाच्या नटांना घेऊन. त्याने जगभरात शंभर कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. स्टिचचा आवाज मात्र जुनाच, मूळ चित्रपटाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक असलेल्या ख्रिस सँडर्स यांचा.

नातीला मी जुना चित्रपट घरी दाखवला. समुद्र आला तशी ती पडद्याजवळ सरकली. ‘‘नाना, हे कोणी रंगवलं?’’ मला एकही नाव सांगता येईना. शेवटची नामावली सुरू झाली तेव्हा आम्ही टीव्ही बंद केला नाही. ती अक्षर जुळवत एकेक नाव वाचत होती, आणि नावे तिच्यापेक्षा भरभर वर सरकत होती.