तळटीप १४ : ‘काथ्याचा पत्रा’

१४. काथ्याचा पत्रा : नारळाचा काथ्या पॉलिएस्टर किंवा इपॉक्सी रेझिनमध्ये बसवून केलेल्या संमिश्राला लेखकाने हे नाव दिले आहे. अशा पत्र्यात मुख्य भार तंतू पेलतात. रेझिन त्यांना धरून ठेवते आणि भार एका तंतूकडून दुसऱ्याकडे पोचवते. मात्र सगळे तंतू सारखे नसतात. त्यांच्या भिंतीत सेल्युलोजचे सूक्ष्म धागे स्प्रिंगसारखे वळत गेलेले असतात. हा कल जवसाच्या काडीतल्या तंतूत अक्षाशी सुमारे १० अंशांचा, तर काथ्यात ४० अंशांच्या आसपास असतो. म्हणून जवसाचा तंतू ताठ. काथ्या मात्र तुटण्याआधी बराच ताणला जातो. अशा संमिश्रांत एरवी वापरतात त्या काचतंतूची घनता दर घनसेंटिमीटरला सुमारे २.५ ग्रॅम, जवसाची १.५. त्यामुळे वजनाच्या हिशेबाने ताठपणात जवस काचेच्या बरोबरीला येतो. ताणबळात सहसा मागे पडतो. खरी अडचण पाण्याची. वनस्पतींचे तंतू ओल पितात, फुगतात आणि रेझिनपासून सुटू लागतात. तंतू आधी कॉस्टिक सोड्यात धुतात, ते ही पकड सुधारावी म्हणून. — संपा.