इशाऱ्यांची गर्दी आणि तांबडी चौकट
नागपूरच्या गांधीबागेतील घाऊक बाजारातून जाणाऱ्या औषधांच्या खोक्यांवर, १९४५ च्या औषध नियमावलीतील ‘परिशिष्ट एच’नुसार, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री करू नये असा इशारा छापला जाई, परंतु शेकडो औषधांवर तोच मजकूर असल्याने त्याची जरब ओसरली. पुढे १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ परिशिष्ट लागू झाले, ज्यात काही प्रबळ प्रतिजैविके, क्षयरोगाची व सवय जडवणारी अशी ४६ औषधे वेगळी काढून त्यांच्या इशाऱ्याला तांबडी चौकट देण्यात आली आणि डॉक्टर, रुग्ण व विकलेली मात्रा यांची नोंद तीन वर्षे जपणे दुकानदारास बंधनकारक झाले. औषध लिहिताना डॉक्टरांना सावध करणाऱ्या संगणकप्रणालींतही किरकोळ सूचनांच्या भडिमाराने गंभीर सूचना दुर्लक्षिली जाते, यालाच इशाऱ्यांचा थकवा म्हणतात. तेथेही जिवावरचा धोका वेगळा काढणे हाच खरा उपाय होय.