‘आम्ही फक्त पत्ता सांगतो’

पंधरा वर्षांपूर्वी परदेशात बसून नवा मराठी सिनेमा बघायचा म्हणजे कुणीतरी लिंक धाडण्याची वाट बघायची. अशा बहुतेक साइटच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असे, की आमच्याकडे एकही फाइल नाही, आम्ही फक्त पत्ता सांगतो. ही पळवाट न्यायालयात टिकते का, याचा निकाल स्टॉकहोममध्ये लागला.

‘द पायरेट बे’ स्वीडनमध्ये २००३ साली सुरू झाली. सिनेमा तिच्या सर्व्हरवर नसेच. तो जगभरच्या वापरकर्त्यांच्या संगणकांवर तुकड्यातुकड्यांनी असे; साइट त्यांची गाठ घालून देई. मोठ्या कंपन्यांच्या नोटिसा आल्या की चालक त्या टवाळ उत्तरांसह जाहीर छापत. ३१ मे २००६ला पोलिसांनी छापा घालून सर्व्हर उचलून नेले. तीन दिवसांत साइट पुन्हा चालू झाली. कायदा आपलं काही वाकडं करू शकत नाही, हा समज तिथे पक्का झाला असावा.

खटला फेब्रुवारी २००९मध्ये उभा राहिला. आरोपी चार: फ्रेडरिक नेइ, गॉटफ्रिड स्वार्टहोल्म, पीटर सुंडे आणि साइटला मदत करणारा उद्योजक कार्ल लुंडस्ट्रॉम. बचावाच्या एका वकिलाने विचारलं, की मूळ गुन्हेगार कंबोडियाच्या जंगलातला कुणी ‘किंग काँग’ नावाचा वापरकर्ता असेल, तर त्याचा माझ्या अशिलाशी संबंध काय?

न्यायालयाला हे पटलं नाही. शोधायची सोय करून देणं, गाठ घालून देणं आणि जाहिरातींवर पैसे कमावणं ही गुन्ह्याला केलेली मदतच ठरली. १७ एप्रिल २००९ला प्रत्येकी एक वर्ष कैद आणि चौघांवर मिळून ३ कोटी क्रोनर भरपाई, असा निकाल लागला. २०१०मध्ये अपिलात तिघांची कैद घटून १०, ८ आणि ४ महिन्यांवर आली; भरपाई मात्र ४ कोटी ६० लाखांवर गेली. स्वार्टहोल्म अपिलाला हजरच राहिला नाही, त्याचं एक वर्ष कायम राहिलं.

२०१२मध्ये तो पकडला गेला, तोही कंबोडियातच! सुंडेला ३१ मे २०१४ला स्वीडनमध्ये अटक झाली. छाप्याला त्या दिवशी बरोबर आठ वर्षं झाली होती. नेइ त्याच वर्षी लाओसमधून थायलंडमध्ये शिरताना सापडला. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१३मध्ये मान्य केलं होतं, की अशी साइट चालवणं अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडतं; पण निर्मात्यांच्या हक्कांसाठी ही शिक्षा गरजेची आहे, असंही म्हटलं.

आपल्याला याहून जवळची गोष्ट इंग्लंडमधली. रिचर्ड ओ’ड्वायर या विद्यार्थ्याने ‘टीव्हीशॅक’ ही नुसत्या लिंकांची साइट काढली. तो इंग्लंडमध्ये, खटला मात्र अमेरिकेचा. २०१२च्या जानेवारीत ब्रिटिश न्यायाधीशाने त्याच्या प्रत्यार्पणाला हरकत नसल्याचं सांगितलं, मार्चमध्ये गृहमंत्र्यांनी मंजुरी दिली. नोव्हेंबरमध्ये २० हजार पौंड भरायच्या तडजोडीवर तो सुटला, पण त्याच्या घरच्यांची दोन वर्षं त्या टांगत्या तलवारीखाली गेली.

म्हणून मंडळातला एखादा हुशार मुलगा उद्या ‘आपल्या लोकांसाठी’ सिनेमांच्या लिंकांची साइट काढू म्हणाला, तर त्याचं कौतुक करण्याआधी त्याला ही हकीकत सांगावी. लिंक मागणारे शेकडो असतात. समन्स येतं ते ज्याच्या नावावर साइट आहे त्याला, आणि व्हिसावर राहणाऱ्याच्या मागे तर कायदे दोन देशांचे असतात.