नानकिंगचा गल्ला आणि गाडीवरचं मंचुरियन

नागपूरच्या रामदासपेठेत चायनीज खायचं तर लांब जावं लागत नाही. हॉटेलच्या एसी हॉलमध्ये मिळतं, तसं रस्त्याकडेच्या गाडीवरही. कढईत नूडल्स उडवणाऱ्या पोराचा चीनशी काडीचा संबंध नसतो. महाराष्ट्राला या चवीची ओढ लावली ती मात्र खरोखरच्या चिनी घराण्यांनी, आणि त्यांचा मुक्काम होता मुंबईत.

माझगावचं सी यूप कून हे मंदिर १९१९ चं. दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतातून आलेल्या खलाशांसाठी खाली उतरायची सोय आणि वर देव, अशी त्याची रचना. माझगाव आणि कामाठीपुऱ्यातल्या शुक्लाजी स्ट्रीटच्या आसपास चिनी वस्ती होती. कुणी दातांचा दवाखाना थाटला, कुणी बूट शिवले, कुणी हॉटेलात शिरलं.

हॉटेलवाल्यांत एक होते यिक सेन लिंग. १९४५ मध्ये, म्हणजे दुसरं महायुद्ध संपलं त्याच वर्षी, त्यांनी अपोलो बंदराजवळ 'नानकिंग' सुरू केलं. जागा अचूक निवडली. एका बाजूला बंदर, दुसऱ्या बाजूला कुलाब्याची पैसेवाली वस्ती.

मग १९६२ उजाडलं. सीमेवर भारत-चीन युद्ध पेटलं आणि दुकानदार, चांभार, दंतवैद्य सगळेच रातोरात संशयित ठरले. आसाम आणि उत्तर बंगालातल्या सुमारे ३,००० चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत कोंडलं गेलं. त्यात इथेच जन्मलेले होते, लहान मुलंही होती. मुंबईत बँक ऑफ चायनाच्या शाखेला टाळं लागलं, चिनी माणसांच्या फिरण्यावर पोलिसांची नजर आली. अनेक कुटुंबांनी देश सोडला. सरकारच्या धास्तीला कारण होतं हे मान्य केलं, तरी त्याची शिक्षा भलत्याच माणसांना झाली.

नानकिंग तगलं. नुसतं तगलं नाही, तर यिक सेन यांची मुलं बाबा आणि निनी त्याच धंद्यात उतरली. १९९१ मध्ये रीगल सिनेमामागे त्यांनी 'लिंग्ज पॅव्हेलियन' उघडलं. आत छोटा पूल, खाली मासे, छताला चांदण्या. डोळ्यांना जरा जास्तच वाटावी अशी ही सजावट, पण लोक यायचे ते ताज्या मासळीसाठी, खेकड्यांसाठी. बाबा लिंग यांचं नावच मासळीशी जोडलं गेलं.

गाडीवरच्या मंचुरियनचं श्रेय मात्र दुसऱ्याच घराण्याकडे जातं. कोलकात्यात चिनी कुटुंबात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकनला आलं, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉसची फोडणी दिली, असं ते स्वतः सांगत. पुढे त्यांनी केम्प्स कॉर्नरला 'चायना गार्डन' काढलं. कोंबडीच्या जागी कोबी आला आणि मंचुरियन शाकाहारी घरांतही शिरलं. सावजीच्या झणझणीत रश्श्यावर वाढलेल्या नागपूरकराला त्याचा तिखट लाल रस्सा पचवायला वेळ लागलाच नसेल!

मंचुरियन गावोगाव पोहोचलं, यात वांग यांचा वाटा मोठाच. पण १९६२ नंतर त्याच शहरात, त्याच भागात चिनी नावाची पाटी पुढच्या पिढीपर्यंत टिकवणं मला अधिक अवघड काम वाटतं. मुंबईच्या खाद्यसंस्कृतीवर लिहिताना इराणी हॉटेलांना पानंच्या पानं मिळतात. लिंग घराण्यालाही त्यात एक प्रकरण मिळायला हवं.